मनगटीतला निळा मणी

आमच्या माहेरी एक कायदा होता. मणी ओवताना एखादा खाली पडला, की तो सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बसल्या जागी बसा, पाय उचलू नका." आम्ही बहिणी मांडी घातलेल्या तशाच बसून राहायचो, आणि ती बॅटरी घेऊन, फरशीला गाल टेकून शोधायची. उजेड आडवा पाडला की काच चमकते, हे मी तिच्याकडून शिकले. काच पायात गेली तर काढता येते, पोटात गेली तर आतडं कापत जाते, असंही ती सांगायची. तिनं ते कुठं पाहिलं होतं, कोण जाणे. भीती बसायला पुरावा लागत नाही.

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. वर्ध्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींच्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून मण्यांचं काम शिकवायचे. दाराची तोरणं, तांब्यावरची झाकणं, गणपतीचे हार. बहिणींना ते दोन दिवसांत कंटाळवाणं व्हायचं, मला मात्र त्याचं वेड लागलं. ताटलीत जुन्या मखमलीचा तुकडा अंथरायचा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. स्वस्तातल्या मण्याच्या भोकाची कड धारदार असते आणि ती आतल्या आत दोरा कापते, म्हणून प्रत्येक मणी आधी टाकाऊ दोऱ्यावर पुढे-मागे फिरवून बघायचा. दोऱ्याला लव सुटली की मणी बाद. नायलॉनचं टोक उदबत्तीनं डागायचं, गाठीवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवायचा आणि मग गाठ ओढून बघायची. मी इतक्यांदा ओढून बघायची, की धाकटी म्हणायची, "ताई हार नाई करून राह्यली, हाराची परीक्षा घेऊन राह्यली."

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तर त्याचं अख्खं खानदान होतं. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत यायची. पण मणी ओवताना मात्र ही भीती कामाला यायची. माझा हार कधी तुटला नाही.

लग्न सेलूच्या घरात झालं. सासऱ्यांचं तिथं किराण्याचं दुकान होतं आणि हे वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून, म्हणून आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेला घर केलं. मूल व्हायला बरीच वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल मी फार सांगणार नाही. दवाखाने, उपास, आणि भेटेल त्या बाईचा एकच प्रश्न. मुलगी झाली तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि आनंद झाला म्हणेपर्यंत त्याच्या पाठोपाठ भीती येऊन बसली. इतक्या उशिरा हाती आलेलं माणूस निसटायला किती वेळ लागतो, हाच विचार. मुलगी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरायचं, श्वास बोटाला लागतोय हे बघायचं, आणि मग चहा ठेवायचा.

सासूबाई सेलूहून येऊन-जाऊन असायच्या. बोलणं कमी. आल्या की पिशवीतली वांगी-मिरच्या ओट्यावर ठेवणार, हातपाय धुणार आणि थेट नातीजवळ जाऊन बसणार. तिला न्हाऊ-माखू घालून गालाला काजळाची तीट त्याच लावायच्या, आणि ती तीट एवढी मोठी, की बघणाऱ्याला वाटावं पोरीला काही लागलंय. मला ते आवडायचं नाही. इतकं गोड तोंड आणि त्यावर हा डाग. त्यांची पाठ फिरली की मी पदराच्या टोकानं ती पुसून लहान करायची. त्या येऊन बघायच्या, काही न बोलता पुन्हा बोट बुडवायच्या आणि पहिल्याहून मोठी करायच्या. त्या तिटेवरून आमचं महिनोन्महिने मुकं भांडण चाललं होतं.

नणंद अमेरिकेत. हिवाळ्यात ती भाची बघायला आली आणि तिनं बॅगेतून एक चपटं पाकीट काढलं. "वहिनी, हे तुह्यासाठी. चांदीची माती."

तिकडे तिला मेटल क्ले म्हणतात. चांदीची अगदी बारीक पूड, पाणी आणि धरून ठेवायला काहीतरी चिकट, असं मळलेला राखाडी गोळा. आकारानं साबणाच्या वापरलेल्या वडीएवढा. कणकेसारखा लाटायचा, हवा तसा कापायचा, कडकडीत वाळवायचा आणि भाजायचा. चिकट होतं ते जळून जातं, चांदी उरते, आणि भाजताना ती आकसते. मातीत काचेचा मणी बसवला तर आकसणारी चांदी त्याला घट्ट धरते. नणंद तिकडे एका वर्गाला जाऊन हे शिकली होती. जाताना तिनं बजावलं, "काच बसवली तं पाण्यात नको बुडवजो. वारा नको लागू देजो. तिची ती थंडी होऊ दे. नाई तं तडकते."

तडकते, हा शब्द माझ्या कानात जो बसला तो बसला. पाकीट मी कपाटात ठेवून दिलं, आणि रोज एकदा उघडून बघत राहिले.

मुलीचं उष्टावण उन्हाळ्यात आलं. तिच्या हातात बाजारातल्या मनगट्या होत्या, काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या, सगळ्याच लेकरांच्या हातात असतात तशा. मला वाटलं, पहिला घास खाताना पोरीच्या हातात आईच्या हातची मनगटी असावी. मधे चांदीचं लहानसं फूल, फुलाच्या पोटात एक निळा मणी, आणि दोन्ही बाजूंनी काळे-पांढरे मणी. निळा मणी माझ्या लहानपणच्या तोरणातला होता. ते तोरण केव्हाच झिजलं होतं, मणी आईनं डबीत जपून ठेवले होते. त्यातले दोन-तीन मणी मी आधी गॅसवर जाळीत ठेवून पाहिले. एक तडकला, बाकीचे टिकले. टिकतात म्हणजे टिकतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि हौस आली की माझ्यासारखीचीही अक्कल थोडी बाजूला सरकते.

फूल केलं, मणी दाबून बसवला, दोन दिवस वाळवलं. भाजायचा दिवस मी विचार करून ठरवला. त्या काळी आमच्याकडे भारनियमन होतं, दुपारी ठरलेल्या वेळी लाइट जायची. खिडकीतला मोठा कूलर समोरच्या खोलीत होता, पण त्याचा ओला वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. लाइट गेली की कूलर बंद आणि वारा नाही, त्याचं बटण बंद करायचं मला सुचलंच नाही. बाहेर वैशाखातलं वर्ध्याचं ऊन, त्यामुळे दारं-खिडक्या लावलेल्या. मुलगी आतल्या खोलीत झोपलेली. मी पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवली, तिच्यावर फूल ठेवलं, आणि आच अगदी हळूहळू वाढवत नेली. आधी थोडा धूर निघाला, मग एक बारीकशी ज्योत उठून विझली आणि मग सगळं फूल आतून लाल दिसू लागलं. घामानं माझे डोळे चुरचुरत होते, पण मी पापणी हलवली नाही. नणंदेनं सांगितलं होतं तेवढा वेळ धरलं, आच उतरवत आणली, गॅस बंद केला आणि श्वास सोडला.

एरवी लाइट कधी वेळेवर आली नाही. त्या दिवशी वेळेआधी आली. कूलर घरघरला आणि ओल्या वाळ्याच्या वाऱ्याचा झोत दारातून आत शिरून माझ्या पाठीवर आला. मी ओट्याकडे झेप घेऊन दोन्ही हात पसरले, पण वारा हातांनी अडतो का? जाळीकडून आवाज आला. टिक्.

एवढाच. घड्याळाचा काटा सरकावा तसा. मी कूलर बंद करून आले आणि फुलासमोर उभी राहिले. ते पूर्ण थंड झाल्यावर उचललं, उन्हात नेलं, सासऱ्यांचं वाचायचं भिंग आमच्याकडे राहिलं होतं ते लावून पाहिलं. फूल चुन्यासारखं पांढरं निघालं होतं. तारेच्या ब्रशनं घासलं तशी चांदी वर आली. निळा मणी आपल्या जागी होता. रेघ दिसली नाही. नखानं दाबून पाहिला, हलला नाही. मग आवाज कशाचा? जाळीची तार असेल. तापलेली जाळी थंड होताना वाजते, पापड भाजल्यावरही वाजते. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी पटलं. भोकं पाहून काळे-पांढरे मणी निवडले, दुहेरी दोऱ्यात ओवले, गाठी ओढून बघितल्या.

उष्टावणाच्या दिवशी सकाळीच बायका जमल्या. मी स्वयंपाकघरात खिरीपाशी होते, पण कान बाहेर होते. शेजारची एक जण म्हणाली, "मनगटी कोण्या सोनाराची व?" कोणी सांगितलं की आईनंच केली. मग सगळ्या वाकून वाकून बघायला लागल्या. "मस्त दिसून राह्यली वो पोरगी, जशी बाहुलीच." मला खोटं बोलता येणार नाही, माझी छाती फुगली. तेवढ्यात सासूबाई उठल्या, "लंगोट ओला झाला तिचा," म्हणाल्या, आणि मुलीला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा मुलीला लांब बाह्यांचं झबलं घातलेलं. एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्या बघून मला राग आला, पण माझा चुलतभाऊ मामा म्हणून पाटावर बसला होता, खीर निवत होती, मी वाटी पुढे केली.

मामानं चांदीच्या चमच्यानं खीर चाटवली. मुलीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले, मग तीही हसली. जेवणं झाली. सासरे सेलूला दुकानात एकटे होते, म्हणून सासूबाई दुपारच्या एसटीनं परत गेल्या. जाताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "मनगटी नको काढजो तिची." मला वाटलं, त्यांना आवडली. आनंद झाला.

संध्याकाळी झबलं काढलं. मनगटी हातात होती, काळे-पांढरे मणी जागच्या जागी होते, फूल होतं. फुलाच्या पोटात निळा मणी नव्हता. तिथं रिकामी खोबण होती.

त्या क्षणी मला तो टिक् पुन्हा ऐकू आला. अगदी कानाशी. मणी तडकला होता, मला दिसला नव्हता एवढंच, आणि आता तो निसटला होता. मुलगी तेव्हा दात येण्याच्या दिवसांत होती. हाताची मूठ दिवसभर तोंडात. मी तिच्या तोंडात बोट घातलं. हिरड्या, जिभेखाली, टाळूला, सगळीकडे फिरवलं. ती किंचाळून रडायला लागली. तोंडात काही नव्हतं.

"काऊन रडून राह्यली ते?" हे बाहेरून आले. मी मनगटी पुढे केली. त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "अवं, पडला असंन इथं-तिथं." आणि आम्ही दोघंही गुडघ्यांवर आलो.

बॅटरी आडवी धरून फरशी पाहिली. सतरंज्या झटकल्या. केर पिठाच्या चाळणीतून चाळला. पाहुण्यांच्या चपला होत्या तिथली धूळसुद्धा. लहानपणी मणी सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही असा कायदा होता. इथं दिवसभर अख्खी आळी घरातून हिंडून गेली होती. एका बाईच्या फुटलेल्या बांगडीच्या काचा सापडल्या, निळा मणी नाही. ठसका. मला एकदम तो ठसका आठवला, ज्याला सगळे हसले होते. मी यांना म्हटलं, "ऑटो बोलवा."

सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिला खांद्यावर उभं धरून होते. आडवं घेतलं तर मणी श्वासनळीत जाईल, उभं धरलं तर खाली उतरेल, यातलं काय कमी वाईट हे मला ठरवता येत नव्हतं. ती बिचारी रस्त्यावरचे दिवे बघत होती.

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबून पाहिलं.

"मणी तोंडात घालताना तुम्ही पाहिलं?"

"नाही."

"ठसका वगैरे?"

"लागला होता. खीर खाताना."

एक्स-रे काढला. लेकराला आडवं धरून ठेवायचं काम यांना दिलं. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, छाती स्वच्छ आहे, अख्खा मणी असता तर बहुतेक दिसला असता. मी विचारलं, "आणि फुटलेला असेल तर? बारीक कपची असेल तर?" त्या खोटं बोलल्या नाहीत, त्याबद्दल आजही त्यांचे आभार. "फार बारीक असेल तर फोटोत हुकू शकते. बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं. शी बघत राहा. रक्त दिसलं, पोट फुगलं, ओकारी झाली तर लगेच घेऊन या."

घरी आल्यावर यांनी पहिली गोष्ट काय सांगितली असेल, तर, "आईले सांगू नको. घाबरंन ते. बीपी हाय तिले." मी मान डोलावली. आमच्याकडे हे असंच असतं. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, चांगली झाली की मग दोन्ही एकदम सांगायच्या. आजवर हे मला शहाणपणाचं वाटत आलं होतं.

पुढचे दिवस माझे बादलीपाशी गेले. प्रत्येक लंगोट बादलीत धुवून, काडीनं चाळून, उन्हात नेऊन बघायचा. काही दिसत नव्हतं, आणि न दिसणं हीच भीती होती. दिसलं असतं तर सुटले असते. ती खोकली की मी हातातलं टाकून धावायची. हसली की वाटायचं, आत्ता हसतेय, आत काय चाललंय तिला तरी कुठं ठाऊक? मनगटी काढून मी कपाटात, कपड्यांच्या तळाशी दडवली. मण्यांची डबी उचलून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवली. मग तीही जवळ वाटली म्हणून यांना म्हटलं, कचेरीत घेऊन जा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनानं त्या आठवड्यात जे जे चिंतलं ते कोणा वैऱ्याला सुचलं नसतं. आणि सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, की हे माझ्या हातांनी घडलं. सोनाराकडून आणलं असतं तर सोनाराला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मधेच एकदा सेलूहून फोन आला. सासूबाईंना फोनवर बोलायला आवडायचं नाही, सासरे लावून द्यायचे.

"पोरगी कशी हाय?"

"मजेत आहे, आई."

"खाते ना?"

"खाते."

"हसते?"

"हो. हसते."

  मग त्यांनी विचारलं, "मनगटी हाय ना हातात?"

"हातातच आहे," मी म्हटलं आणि आवाज सरळ ठेवायला भिंतीला हात लावला.

"बरं. असू देजो."  काहीतरी ओठांवर आलंय आणि गिळताहेत असं वाटलं, पण मला स्वतःचंच इतकं लपवायचं होतं, की त्यांचं काय लपलंय हे विचारायची शुद्ध नव्हती.

मग एका सकाळी त्या न सांगता आल्या. हे कचेरीत गेले होते. मी मागच्या अंगणात बादलीपाशी होते, हातात काडी. मुलगी सावलीत चटईवर. त्यांनी पिशवी ठेवली, आधी मुलीकडे पाहिलं, तिचा उघडा हात पाहिला, मग माझ्याकडे, बादलीकडे.

"हे काय करून राह्यली तू?"

मला आता खोटं बोलायची ताकद नव्हती. मी काडी टाकली आणि तिथंच खाली बसले. मणी हरवला, तिनं गिळला असेल, काच आहे, फोटोत दिसली नाही, आम्ही सेवाग्रामला गेलो होतो, असं सगळं उलटसुलट बोलत गेले. बोलता बोलता रडत होते. मी वर पाहिलं तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"कोन्ता मणी?" त्यांनी विचारलं. "निळा?"

त्या माझ्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या. कमरेचा बटवा काढला. सुपारी, अडकित्ता, लवंगा बाजूला सारून आतून कापसाचा एक बोळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "तिच्या पोटात काई नाई. म्या काढला. उष्टावणाच्या दिवशी, आत नेलं होतं तवा. केसातल्या आकड्याच्या टोकानं."

मला काहीच समजेना. "का?"

"सगळ्याजणी लई वाखाणत होत्या. इतकं साजरं लेकराच्या अंगावर असू नाई. काईतरी उणं ठेवा लागते." त्या मुलीकडे बघत बोलत होत्या. "एक मणी काढाचाच होता. हा जरासा हलत होता, म्हून हाच काढला."

मी कापूस उलगडला. आत निळा मणी होता, पण एक नव्हता. मधोमध फुटलेली दोन अर्धुकं होती. "काढला तसाच हातात दोन झाला," त्या म्हणाल्या. मी एका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सुरीसारखी होती. बोटाला रक्ताचा ठिपका आला.

मी हसायला हवं होतं, देवापुढे साखर ठेवायला हवी होती. पण माझ्या अंगावर जो काटा आला तो त्या सगळ्या आठवड्यात आला नव्हता. म्हणजे टिक् खरा होता. मणी माझ्याच ओट्यावर तडकला होता, उष्टावणाच्या सकाळपर्यंत हलायला लागला होता, आणि मी भिंग लावून, नखानं दाबून, पूर्ण खात्रीनं तो पोरीच्या हातात बांधला होता. दुपारपर्यंत तो निसटलाच असता. तिच्या मुठीत, आणि मूठ तोंडात. मी ज्याला घाबरत होते ते घडलं नव्हतं, ते एका बाईच्या नजरेच्या भीतीनं, आकड्याच्या टोकानं, थोडक्यात टळलं होतं.

आणि मग मला राग आला. सगळा जीव परत आल्यावर येतो तसा. "तुम्ही मला सांगायचं तरी, आई. एका शब्दानं."

"सांगतल्यानं उताऱ्याचा गुण जाते," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आन् तू तरी मले कुठं सांगतलं? मी फोन केलता."

 आम्ही दोघी त्या बादलीच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मुलगी चटईवर पालथी होऊन स्वतःशीच गुरगुरत होती. थोड्या वेळानं त्या बोलायला लागल्या. माझ्याशी की तिच्याशी, मला नीट कळलं नाही.

"तुह्या नवऱ्याच्या आन् नणंदेच्या आधी एक पोरगी होती मले. त्याईले माहीत नाई. उष्टावणाले अंगभर घातलं होतं तिले, वाळे, साखळ्या, बिंदल्या. हौस होती माही. साऱ्या बाया म्हने, नजर नाई ठरत. मले बरं वाटलं." त्यांनी पदर सारखा केला. "त्याच हप्त्यात ताप आला. सेलूत तवा डॉक्टर कुठचा. बैलगाडी जुंपली, पन वर्ध्यापोत आलोच नाई आम्ही."

एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. इतक्या वर्षांत रडून संपलं असावं, किंवा रडण्याची जागा त्यांनी त्या काजळाला दिली असावी. मी किती वेळा ती तीट पदरानं पुसली होती, ते मला आठवत गेलं. नजर लागते की नाही हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही नाही. पण भीती काय असते ते मला त्या आठवड्यानं शिकवलं होतं, आणि या बाईनं तो आठवडा जन्मभर एकटीनं काढला होता.

दोन्ही तुकडे मी पुन्हा कापसात गुंडाळले आणि त्यांना परत द्यायला गेले. त्यांनी माझी मूठ मिटली. "आता तूच ठेव. मी म्हातारी झालो. भ्याचं काम आता तुह्यावर."

मग त्या उठल्या, पाणी तापवलं, मुलीला न्हाऊ घातलं, पुसलं, पावडर लावली. कपाटाच्या तळातून मी मनगटी काढून आणली. खोबण रिकामीच होती. तिच्या कडा मी बोटानं तपासल्या, गाठी ओढून बघितल्या आणि ती तशीच, उणी, मुलीच्या हातात बांधली. सासूबाईंनी काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि तिच्या गालावर तीट लावली, नेहमीएवढीच मोठी. मग सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मी पुसते की काय म्हणून.

मला ती लहान वाटली.